फ्रान्सचा साधा शिपाई



पहिल्या महायुद्धावर बोलावयाचे म्हटले की सेनापतींची नावे आधी ओठांवर येतात. फ्रान्सपुरते बोलावयाचे तर झोफ्र, फॉश आणि पेतां. नकाशा टांगावा, त्यावर बाण काढावेत, कोणत्या तारखेला कोणती फळी किती पुढे सरकली ते सांगावे आणि शेवटी जयापजयाचा ताळेबंद मांडून श्रोत्यांचा निरोप घ्यावा, असा या विषयाचा रिवाज पडून गेला आहे. आज हा रिवाज आम्ही मोडणार आहोत. नकाशावरच्या त्या बाणांच्या रेघांतून पाठीवर ओझे घेऊन जी माणसे चालत होती, त्या माणसांविषयी आम्हांला बोलावयाचे आहे. ती माणसे म्हणजे फ्रान्सच्या पायदळातले साधे शिपाई.

यांच्याविषयी एकच प्रश्न आज आपल्यापुढे ठेवावा असे योजिले आहे. तो प्रश्न असा : हा माणूस सवाचार वर्षे त्या चिखलात कशाच्या बळावर उभा राहिला? या प्रश्नाची दोन तयार उत्तरे बाजारात मिळतात. एक म्हणते, तो वीर होता. दुसरे म्हणते, तो बिचारा बळी होता, बोकडासारखा हाकलला गेला. दोन्ही उत्तरे देणाऱ्यांची एक सोय होते. वीराला काही विचारावे लागत नाही आणि बळीलाही काही विचारावे लागत नाही. या शिपायाला स्वतःचे डोके होते, स्वतःचे मत होते, ही गोष्ट दोन्ही उत्तरांत निसटून जाते. तेव्हा तो काय म्हणत होता ते आज जरा ऐकून पाहू.

प्रथम हा माणूस कोण, ते पाहिले पाहिजे. १ ऑगस्ट १९१४ हा दिवस शनिवारचा. दुपार कलल्यावर फ्रान्सच्या खेड्याखेड्यांतून चर्चच्या घंटा घणघणू लागल्या. दिवस कापणीचे, माणसे रानात. पुष्कळांना आधी वाटले, कोठे गंजीला आग लागली असेल. बादल्या घेऊन लोक धावले, तो नगरभवनाच्या दाराशी सैन्यभरतीचा कागद चिकटवलेला. दोन दिवसांनी, ३ ऑगस्टला, जर्मनीने फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारले. पुढे चार वर्षांत मिळून ऐंशी लाखांच्या आसपास माणसे अंगावर गणवेष चढवून गेली. पायदळात सर्वांत मोठा भरणा शेतकऱ्यांचा. ७ ऑगस्टला पंतप्रधान व्हिव्हियानी यांनी फ्रान्सच्या स्त्रियांना जाहीर आवाहन केले की, पुरुष गेले आहेत, राहिलेले पीक तुम्ही आवरा आणि पुढची पेरणीही तुम्हीच करा. त्या स्त्रियांनी, म्हाताऱ्यांनी आणि पोरांनी ते केले. आणि एका वर्षासाठी नव्हे, चार वर्षे केले.

हा शिपाई भाडोत्री नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. फ्रान्समध्ये धडधाकट तरुणाला लष्करात ठराविक काळ चाकरी करावीच लागे. १९१३ च्या कायद्याने ती मुदत तीन वर्षांची केली होती. हा शिपाई मतदारही होता, कारण तेथे सर्व प्रौढ पुरुषांना १८४८ पासून मताचा हक्क होता. आणि तिसरी, आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट : त्याला लिहितावाचता येत होते. १८८१ आणि १८८२ च्या कायद्यांनी फ्रान्सने प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. त्या शाळांत घोटवलेले अक्षर पुढे खंदकात उपयोगी पडले. या तिसऱ्या गोष्टीकडे आपणांला शेवटी परत यावयाचे आहे.

शहरातली वर्तमानपत्रे या शिपायाला 'प्वाल्यू' म्हणू लागली. प्वाल्यू म्हणजे केसाळ, दाढीमिशा वाढलेला रांगडा गडी. नाव कौतुकाचे खरे, पण शिपायांना ते फारसे रुचले नाही. ते आपसांत एकमेकांना 'बोनॉम' म्हणत. आपल्याकडे शेतावर 'गडी' म्हणतात ना, साधारण तसे. नावापासूनच हा भेद सुरू होतो. मागे बसलेल्यांनी त्याला काय म्हणावे आणि त्याने स्वतःला काय म्हणावे, यांत चार वर्षे अंतर पडतच गेले.

युद्धाला निघाला तेव्हा त्याच्या अंगात निळा डगला आणि लालभडक विजार होती. डोक्यावर कापडी टोपी, पोलादी शिरस्त्राण नाही. पाठीवर पंचवीस-तीस किलोचे ओझे. पुढे धावून जावे, संगीन खुपसावी, धैर्यापुढे सर्व काही नमते, अशी त्या वेळच्या सेनाधिकाऱ्यांची शिकवण होती. समोर यंत्रबंदुका होत्या आणि यंत्रबंदुकीला धैर्य कळत नाही. २२ ऑगस्ट १९१४ या एका दिवसात फ्रान्सचे सुमारे २७,००० सैनिक मारले गेले. फ्रान्सच्या सर्व इतिहासात इतका घातक दिवस दुसरा नाही. आपण ज्या गावी राहता त्या गावातले सत्तावीस हजार लोक मनात मोजून पाहावेत, म्हणजे या आकड्याचा अर्थ कळेल. लाल विजार जाऊन फिकट निळा गणवेष आला तो १९१५ साली, आणि आद्रियां या अधिकाऱ्याच्या नावाने ओळखले जाणारे पोलादी शिरस्त्राण आले तेही १९१५ सालीच. तोवर माणसांनीच किंमत भरली होती.

सप्टेंबरात मार्न नदीवर जर्मनांची चाल थोपली गेली आणि वर्ष संपण्याच्या आत दोन्ही सैन्यांनी जमिनीत तोंड खुपसले. स्वित्झर्लंडच्या हद्दीपासून उत्तर समुद्रापर्यंत सुमारे सातशे किलोमीटर लांबीची खंदकांची रांग तयार झाली. आता युद्ध म्हणजे मुख्यतः खणणे, वाहणे, जागणे आणि वाट पाहणे. शेतकऱ्याच्या हाती बंदूक दिली होती खरी, पण त्याच्याकडून काम करून घेतले ते फावड्याचे. पावसाळ्यात खंदकाला ओढ्याचे रूप येई. चिखल इतका की त्यात बूट राहावा आणि पाय निघावा. काही ठिकाणी जखमी माणसे त्यात बुडून मेली. उंदीर मांजराएवढे माजले, कारण त्यांना खाद्याची ददात नव्हती, आणि ते खाद्य कोणते हे आम्ही या सभेत सांगत नाही. उवांना शिपायांनी 'तोतो' असे लाडके नाव ठेवले होते. ज्या शत्रूचा नायनाट होत नाही त्याच्याशी असे गोडीगुलाबीने वागावे लागते.

जेवण मागून येई. पलटणीच्या स्वयंपाकाच्या गाड्या आघाडीच्या पाठीमागे. तेथून रात्री काही गडी निघत, दोरीत ओवलेल्या पावांच्या माळा खांद्यावर, कालवणाच्या बादल्या हातांत, दारूच्या बाटल्या गळ्यात. चिंचोळ्या वाटांतून, अंधारातून, तोफगोळ्यांतून ही वरात पुढच्या खंदकाशी पोचेपर्यंत कालवण गार आणि निम्मे सांडलेले. कधी वरात पोचतच नसे, आणि मग खंदकातली माणसे भुकेली राहत आणि कोण गेले याचा हिशोब करीत. डब्यातल्या मांसाला त्यांनी 'माकड' असे नाव दिले होते. साध्या द्राक्षदारूला 'पिनार' म्हणत. तिचे मोजमाप सरकारने युद्धकाळात वाढवत नेले, कारण अंगाची थंडी आणि मनाची भीती या दोन्हींवर तेच एक स्वस्त औषध सरकारजवळ होते. दिवसाचा पगार आरंभी एक सू, म्हणजे पाच सांतीम. १९१५ च्या शेवटी तो पंचवीस सांतीम झाला. मागे गरजू बायकोला दिवसाला सव्वा फ्रँक आणि मुलामागे अर्धा फ्रँक भत्ता मिळे. त्याच वेळी मागच्या शहरांतून दारूगोळ्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्याची रोजी त्याच्या पगाराच्या कितीतरी पट होती. हा हिशोब प्रत्येक शिपायाला तोंडपाठ होता, आणि वशिल्याने मागे राहिलेल्यांविषयी त्याच्या मनात जी चीड होती ती समोरच्या जर्मनाविषयीच्या चिडीहून कमी नव्हती.

या सगळ्यात त्याला माणसात ठेवणारी वस्तू एकच होती, ती म्हणजे पत्र. शिपायाच्या पत्राला टपालहशील पडत नसे. दररोज सुमारे चाळीस लाख पत्रे आघाडीवरून घरी आणि घरून आघाडीवर जात-येत. त्यांत असे काय? गाय व्याली का, उतारावरचा तुकडा नांगरला का, सासरे बरे आहेत का, धाकटा चालू लागला का. तोफांच्या सरबत्तीत बसून माणूस बायकोला बैल कधी विकावा याचा सल्ला देई. आम्ही याला क्षुल्लक मानीत नाही. घराचा कारभार आपल्याशिवाय चालत नाही, असे मानणे हा जिवंत राहण्याचा एक मार्ग होता. पत्र आले नाही की 'काफार' येई. काफार म्हणजे झुरळ. डोक्यात झुरळ शिरले, म्हणजे मनाला काळोखी आली, असा त्यांचा शब्द होता.

रजा? पहिल्या वर्षभर रजा हा प्रकारच नव्हता. जुलै १९१५ पासून ती मिळू लागली, आठवडाभराची. तीही कोणाला केव्हा मिळेल याचा नेम नाही. आणि ज्या रजेसाठी तो तळमळे ती रजा मिळाल्यावर त्याला आणखी एक दुःख भेटे. घरी काही सांगता येत नसे. सांगू लागला तर ऐकणाऱ्यांना वर्तमानपत्रांतले युद्ध हवे असे, ज्यात शिपाई हसतहसत हल्ला चढवतात आणि शत्रूच्या गोळ्या फुसक्या निघतात. या लिखाणाला शिपायांनी 'कवटीत भुसा भरणे' असे नाव दिले. सेन्सॉरची कात्री एका बाजूला आणि हा भुसा दुसऱ्या बाजूला. यांच्यामध्ये खरे सांगू पाहणाऱ्याची जीभ अडकून पडली. १९१६ साली आंरी बार्ब्युस या लेखकाची 'आग' नावाची कादंबरी आली आणि शिपायांनी ती हातोहात वाचली. बार्ब्युस वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी आपणहून पायदळात गेले होते. पुढे १९२९ साली झां नॉर्तों क्र्यू या माजी सैनिकाने अडीचशे सैनिक-लेखकांची सुमारे तीनशे पुस्तके तपासून त्यांत खरे किती आणि रंगवलेले किती याची कठोर छाननी केली, आणि तिच्यातून बार्ब्युसनाही सोडले नाही. आपल्या अनुभवाच्या खरेपणाविषयी ही पिढी इतकी हळवी होती.

आता एका माणसाची ओळख करून देतो. त्याचे नाव लुई बार्तास. दक्षिण फ्रान्समधल्या ओद प्रांतातल्या पेरियाक-मिनेर्व्वा या द्राक्षमळ्यांच्या गावी तो दारूची पिंपे तयार करी. शिक्षण प्राथमिक शाळेपुरते. विचाराने समाजवादी, युद्धाचा कट्टा विरोधक. १९१४ साली वय पस्तीस, घरी बायको आणि दोन मुलगे. बोलावणे आले तसा गेला, कॉर्पोरल म्हणून चार वर्षे पायदळात राहिला, आर्त्वा, व्हेर्दें, सोम ही सर्व ठिकाणे त्याने पाहिली, आणि जे पाहिले ते तो टिपत गेला. घरी परतल्यावर पिंपांचे काम सांभाळून त्याने ती टिपणे एकोणीस वह्यांत सुवाच्य अक्षरात उतरून काढली. १९५२ साली तो वारला. वह्या घरच्यांनी जपल्या, आणि १९७८ साली इतिहासकार रेमी काझाल्स यांनी त्या छापून काढल्या. आज ते पुस्तक या युद्धाच्या साक्षींत पहिल्या रांगेत मानतात.

बार्तासने लिहिलेला एक प्रसंग असा. डिसेंबर १९१५, नव्हिल-सें-व्हास्त गावाजवळचा भाग. पावसाने झोडपून काढले होते, खंदक तुडुंब भरले, त्यांत राहणे म्हणजे बुडणे. फ्रेंच वर आले. समोरचे जर्मनही वर आले. दोन्ही बाजू उघड्या माळावर, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, आणि गोळी कोणी झाडली नाही. माणसांनी एकमेकांकडे पाहिले, मग हसले, मग तंबाखू, कॉफी आणि दारू यांची देवघेव झाली. एक धिप्पाड जर्मन मातीच्या ढिगावर चढून काही बोलला. भाषा फ्रेंचांना कळली नाही, पण त्याने आपली बंदूक झाडाच्या खोडावर आपटून मोडली, ते सर्वांना कळले. वरिष्ठांच्या कानी गेल्यावर हे सर्व अर्थातच बंद पाडण्यात आले. बार्तासने वहीत आशा व्यक्त केली की, कधीतरी या जागी या बंधुभावाचे स्मारक व्हावे. शंभर वर्षे गेली. डिसेंबर २०१५ मध्ये त्याच गावाजवळ ते स्मारक फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते उघडले गेले. पिंपे करणाऱ्याच्या वहीतली एक ओळ राज्यसंस्थेला शतकानंतर पाळावी लागली.

मात्र या प्रसंगावरून कोणी असे समजू नये की हे सैन्य लढलेच नाही. २१ फेब्रुवारी १९१६ रोजी जर्मनांनी व्हेर्दें शहरासमोर तोफा डागल्या. ती लढाई १८ डिसेंबरपर्यंत, म्हणजे तीनशे दिवस चालली. दोन्ही बाजू मिळून तीन लाखांच्या आसपास माणसे मेली किंवा नाहीशी झाली, आणि आघाडी अखेर जवळजवळ होती तेथेच राहिली. बार-ल-द्यूक गावापासून व्हेर्देंला जाणारा एकच रस्ता उरला होता. त्यावरून रात्रंदिवस मोटारी धावत, गर्दीच्या वेळी दर चौदा सेकंदांना एक. रस्ता खचू नये म्हणून वयस्क शिपाई कडेला उभे राहून फावड्याने खडी चाकांखाली टाकीत असत, सारखी, न थांबता. पेतां यांनी येथे पलटणींच्या पाळ्या लावल्या. थोडे दिवस वर, मग बाहेर काढून दुसरी पलटण. फ्रेंच सैन्याचा सुमारे सत्तर टक्के भाग अशा रीतीने व्हेर्देंमधून फिरून आला.

या पद्धतीला फ्रेंचांनी जो शब्द दिला तो आपणांला ऐकावासा वाटेल. ते तिला 'नोरिया' म्हणत. नोरिया म्हणजे आपला रहाट. रहाटगाडग्याची माळ फिरते, फक्त येथे चाल उलटी : गाडगी भरलेली वर जातात आणि रिकामी खाली येतात. वर जाणाऱ्या पलटणीला खाली येणारी पलटण वाटेत भेटे. येणाऱ्यांचे चेहरे चिखलाने माखलेले, डोळे कोठेच न पाहणारे, आणि संख्या निम्मी. जाणारे काही विचारीत नसत. विचारण्यासारखे काही उरलेलेच नसे.

जून १९१६ मध्ये तेथल्या व्हो किल्ल्यातले शिपाई पाण्यावाचून शरण गेले. भिंतींवर ओल धरली होती, ती ते जिभेने चाटीत होते. तोफांना न भ्यालेली माणसे एका घोटाला हरली. तहान काय असते हे दुष्काळ पाहिलेल्या आपल्या मुलखाला सांगावयास नको.

एवढे सोसल्यावर १९१७ चा एप्रिल उजाडला. नवे सरसेनापती निव्हेल यांनी एक-दोन दिवसांत जर्मन फळी फोडतो, असे वचन दिले होते. १६ एप्रिलला 'शमें दे दाम' नावाच्या डोंगरधारेवर हल्ला झाला. फळी फुटली नाही. पहिल्या दहा दिवसांतच सुमारे ३०,००० फ्रेंच मेले. आणि तरीही हल्ले चालूच. मे महिन्यात शिपायांनी मान हलवली. विश्रांतीच्या जागेवरून पुन्हा वर जाण्याचा हुकूम आला की पलटणी नकार देऊ लागल्या. काही ठिकाणी शिपाई रस्त्याने चालताना मेंढरांसारखे बें बें ओरडत गेले, आम्हांला खाटकाकडे नेत आहात हे आम्ही जाणतो, एवढेच सांगण्यासाठी. निम्म्याहून अधिक डिव्हिजनांना या असंतोषाची झळ लागली.

येथे आपला प्रश्न सर्वांत टोकदार होतो. हे बंड होते काय? त्यांची मागणी काय होती ते पाहावे. रजा वेळेवर द्या. जेवण बरे द्या. विश्रांती द्या. फुकटचे हल्ले थांबवा. युद्ध संपवा, असेही पुष्कळ जण म्हणत होते. पण पुढचा खंदक त्यांनी शत्रूच्या हाती दिला नाही. आपल्या जागी उभे राहावयास ते तयार होते. सेनापतीच्या हौसेसाठी मरावयास तयार नव्हते. मताचा हक्क असलेल्या, हिशोब कळणाऱ्या माणसाचे हे बोलणे आहे. १५ मे रोजी निव्हेल यांच्या जागी पेतां आले. त्यांनी शिक्षा दिल्या आणि मागण्याही बऱ्याच मान्य केल्या. पाचशेहून अधिक जणांना देहदंड सांगितला गेला. प्रत्यक्षात गोळ्या घातल्या त्या पन्नासच्या आत. रजा दर चार महिन्यांना सात दिवसांची झाली, जेवण सुधारले, मोठे हल्ले थांबले. नकार देणाऱ्यांचे म्हणणे खरे होते, याचा याहून मोठा कबुलीजबाब कोणता? हेच पेतां १९४० नंतर व्हिशी सरकारचे प्रमुख होऊन हिटलरशी हातमिळवणी करते झाले, आणि व्हेर्देंच्या शिपायांनी मिळवलेली पुण्याई त्यांनी त्या कामी खर्ची घातली, हेही येथेच सांगून ठेवतो.

गोळ्या घातलेल्यांतले बरेच जण १९१७ च्या आधीचे आहेत. संपूर्ण युद्धात फ्रेंचांनी आपल्याच सहाशेहून अधिक सैनिकांना अशा रीतीने मारले. व्हेंग्रे येथे ४ डिसेंबर १९१४ रोजी सहा जणांना गोळ्या घातल्या. आरोप, शत्रू समोर असता खंदक सोडला. सोडला होता तो अधिकाऱ्याच्याच हुकमाने. १९२१ साली न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. स्वेंच्या प्रकरणात मार्च १९१५ मध्ये चार कॉर्पोरलांना गोळ्या घातल्या, कारण त्यांची कंपनी खंदकातून बाहेर पडली नाही. समोरच्या काटेरी तारा शाबूत होत्या आणि स्वतःच्याच तोफांचे गोळे अंगावर पडत होते. त्या चौघांपैकी तेओफिल मोपास हे शाळामास्तर. त्यांची पत्नी ब्लांश मोपास याही शिक्षिका. गावाने त्यांच्याकडे पाठ फिरवली. त्या बाईंनी जवळजवळ वीस वर्षे अर्ज, सभा, न्यायालये यांचा पिच्छा पुरवला आणि १९३४ साली नवऱ्यासह चौघांचीही अब्रू परत मिळवली. या कथेशी मिळताजुळता 'पाथ्स ऑफ ग्लोरी' हा चित्रपट १९५७ साली निघाला. फ्रान्समध्ये तो १९७५ पर्यंत दाखवला गेला नाही. आणि १९१७ च्या नकार देणाऱ्यांना राष्ट्राच्या स्मृतीत जागा द्यावी, असे पंतप्रधान झोस्पें यांनी जाहीरपणे म्हटले ते १९९८ साली. पुष्कळांना तेव्हाही ते सोसले नाही.

तर मग हा माणूस उभा राहिला तो कशामुळे? फ्रान्सच्या इतिहासकारांत यावर मोठा वाद झाला आहे. एक पक्ष म्हणतो, देशावरच्या निष्ठेने, शत्रूविषयीच्या रागाने, मनापासूनच्या संमतीने. दुसरा पक्ष, ज्यात बार्तासच्या वह्या छापणारे काझाल्स आहेत, म्हणतो की सक्तीने. मागे लष्करी न्यायालय, पुढे जर्मन, आणि बाजूला गावातल्या लोकांची नजर. आमची समजूत अशी की, शिपायाच्या पत्रांत दोन्ही सापडतात, बहुधा एकाच पत्रात. शत्रू खरोखरच त्याच्या देशात घुसला होता. उत्तरेकडचे दहा प्रांत पूर्णतः वा अंशतः जर्मनांच्या ताब्यात होते. हे दुसऱ्याच्या मुलखात जाऊन केलेले युद्ध त्याला वाटत नव्हते. हुकूम मोडल्यास काय होते हेही त्याला ठाऊक होते. आणि या दोहोंच्या मध्ये आणखी एक गोष्ट होती : शेजारचा गडी. आपण नाही गेलो तर आपल्या वाटची पाळी त्याच्यावर येणार. शेतावर मदतीला येण्याचा शब्द दिला की मोडावयाचा नाही, ही त्याची जुनी शिस्त. देशभक्ती हा शब्द त्याच्या पत्रांत क्वचित येतो. सोबत्यांची नावे ओळीओळीला येतात.

या सैन्यात केवळ फ्रान्सचे लोक नव्हते. पश्चिम आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेले सुमारे १,३४,००० शिपाई युरोपात लढले, आणि त्यांतले सुमारे तीस हजार परतले नाहीत. त्यांतल्या बहुतेकांना मताचा हक्क नव्हता. कित्येकांना सक्तीने पकडून आणले होते. याच भूमीवर, ब्रिटिशांच्या बाजूने, आपले हिंदी शिपाईही उभे होते. १९१४ च्या सप्टेंबरअखेर ते मार्सेय बंदरात उतरले. नव्ह-शापेल येथे १९२७ साली उघडलेल्या स्मारकावर चार हजार सातशेहून अधिक हिंदी सैनिकांची स्मृती कोरली आहे. आपल्या मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियाकडे गेल्या आणि त्यांतल्या काही कुतच्या वेढ्यात सापडल्या. साताऱ्याकडच्या अपशिंग्यासारख्या गावांतून त्या युद्धाच्या स्मृतीचे दगड आजही उभे आहेत.

आता त्या अक्षराच्या गोष्टीकडे परत येऊ. फ्रेंच शिपाई स्वतः लिहू शकत होता. आपले बहुतेक शिपाई पत्र दुसऱ्याकडून लिहवून घेत, आणि घरी ते दुसऱ्याकडून वाचून घेतले जाई. ज्याचे अक्षर दुसऱ्याच्या हातचे, त्याला मनातले बोलताना संकोच पडतो. फ्रान्सच्या पिंपे करणाऱ्याला इतिहासात बोलता आले, आणि अपशिंग्याच्या शिपायाची दगडावर संख्या उरली. दोघांच्या धैर्यात फरक नव्हता. फरक होता तो शाळेचा.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी तोफा थांबल्या. फ्रान्सचे तेरा ते चौदा लाख लोक गेले होते. पायदळात दर चार-पाच माणसांमागे एक. सुमारे सहा लाख विधवा, दहा लाखांच्या आसपास पोरकी मुले. चेहरा फुटलेले हजारो. २८ जून १९१९ रोजी व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या, तेव्हा अशा पाच भग्न चेहऱ्यांच्या सैनिकांना दालनात मुद्दाम उभे केले होते. सुमारे ३६,००० गावांनी आपापली स्मारके उभारली. ज्या गावातून कोणीच मेले नाही अशी गावे बोटांवर मोजण्याइतकी. १० नोव्हेंबर १९२० रोजी व्हेर्देंच्या तळघरात आठ अनामिक शवपेट्या मांडल्या आणि त्यांतली एक निवडण्याचे काम ओग्युस्त तें नावाच्या एका तरुण साध्या शिपायाला सांगितले. त्याने आपल्या पलटणीच्या क्रमांकाचे आकडे मिळवले : १३२, एक अधिक तीन अधिक दोन, सहा. फुलांचा गुच्छ सहाव्या पेटीवर ठेवला. पॅरिसच्या विजयकमानीखाली निजलेला अज्ञात सैनिक तो हा. कोणा सेनापतीने त्याला निवडले नाही. त्याच्यासारख्याच एका गड्याने, शाळेतली बेरीज करून, निवडले.

या पिढीतला शेवटचा माणूस लाझार पाँतिचेल्ली. जन्माने इटालियन, लहानपणी पोटासाठी पॅरिसला येऊन धुराडी साफ करणारा, वर्तमानपत्रे विकणारा पोर. १९१४ साली वय चोरून तो फ्रान्ससाठी लढावयास गेला. १२ मार्च २००८ रोजी, एकशे दहा वर्षांचा होऊन तो वारला. शेवटच्या सैनिकाची अंत्ययात्रा शासकीय इतमामाने काढावयाची, असे सरकारने ठरवले होते. त्याने आधी साफ नकार दिला. जे माझ्याआधी गेले, ज्यांना साधी माती मिळाली नाही, त्यांचा हा अपमान होईल, असे त्याचे म्हणणे होते. पुढे त्या सर्वांच्या नावाने, साधेपणाने होणार असेल तर, या अटीवर तो राजी झाला. मेल्यावरही हा गडी आपली पाळी एकट्याने घ्यावयास तयार नव्हता.

२०१३ साली फ्रान्सच्या अभिलेखागारांनी लोकांना आवाहन केले : तुमच्या माळ्यावर, पेट्यांत, कपाटांत त्या युद्धातली पत्रे, वह्या, चित्रे असतील ती घेऊन या, आम्ही त्यांच्या नकला करून ठेवतो. हजारो कुटुंबे पिशव्या घेऊन आली. श्रोतेहो, आपल्या जिल्ह्यांतूनही दोन महायुद्धांत माणसे गेली, आणि त्यानंतरच्या लढायांतही गेली. त्यांच्या घरी ट्रंकेच्या तळाशी एखादे लिहवून घेतलेले पत्र, एखादे पेन्शनचे पुस्तक, एखादे बिल्ल्याचे पदक अजून असेल. त्याला वीर म्हणून हार घालणे सोपे आहे. त्या ट्रंकेचे झाकण उघडून त्याचे म्हणणे काय होते ते वाचणे थोडे कष्टाचे आहे. ते कष्ट आपल्यापैकी कोणी या उन्हाळ्यात घेतले तर आजचे बोलणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.